जे आहे, जेथे आहे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या आणि 'मी माझे नाव बदलले आहे'च्या शेजारी बँकांच्या लिलावाच्या नोटिसा छापून येतात. मराठीत सध्या तत्त्वज्ञान कुठे लिहिलं जातं असं कोणी विचारलं, तर मी त्याला ते पान दाखवीन. विक्री 'जे आहे जेथे आहे', 'जे आहे जसे आहे' आणि 'जे काही आहे तेथे आहे' या तत्त्वावर होईल, असं तिथे बारीक टायपात म्हटलेलं असतं. उपनिषदकारांना एवढं सुचलं असतं तर त्यांनी पुढची पानं लिहिलीच नसती. भावार्थ असा की फ्लॅट असो, गाळा असो वा गाडी, आम्ही नीट पाहिलेली नाही, तुम्ही पाहून घ्या, आणि घेतल्यानंतर आमच्याकडे पाहू नका.

या पानाचे निष्ठावान वाचक सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये सापडतात. फ्लॅटची त्यांची हौस भागलेली असते, म्हणजे तिचे हप्ते चालू असतात. ठाण्यात परवडलं नाही म्हणून डोंबिवली, डोंबिवलीत परवडलं नाही म्हणून अंबरनाथ, आणि तिथेही बाल्कनी हवीच म्हटल्यावर बदलापूर, अशी ही मंडळी पायरी पायरीने उल्हास नदीच्या काठाला लागली. बिल्डरने 'स्टेशनपासून सात मिनिटं' सांगितलेलं असतं. ती सात मिनिटं चारचाकीची, आणि तीही रात्री दोन वाजताची, हे ताबा मिळाल्यावर कळतं. गाडीचा विचार डोक्यात शिरतो तो तिथे, दोन्ही हातांत पिशव्या आणि समोर शेअर रिक्षाची रांग असताना.

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी बँकेने खेचलेली, टॅक्सी म्हणून चाललेली एक सीएनजी एर्टिगा लिलावात बघून ठेवली, तेव्हा जिन्यातच सभा भरली. गाडीचा रंग कोणी विचारला नाही, मॉडेल विचारलं नाही. मीटर किती झालंय, एवढंच सगळ्यांना हवं होतं. "दोन लाख तेरा हजार," खजिनदार म्हणाले. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी "अरेरे" म्हटलं. "आजारी होती का?" एवढंच विचारायचं बाकी राहिलं.

खजिनदार नोकरीला फोर्टात. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, जाऊन-येऊन १३६. वर्षाचे २८० दिवस धरले तर अडतीस हजार. म्हणजे या गाडीने जन्मापासून जे अंतर तोडलं, ते बदलापूरचा कुठलाही पासधारक साडेपाच वर्षांत तोडतो, आणि बहुतेक वेळा एका पायावर. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्याचं मीटर साडेनऊ लाखांच्या पुढे असतं. "काका, माझे गुडघ्याचे बुश गेलेत, थंडीत सकाळी स्टार्टिंग प्रॉब्लेम आहे, चढावर आवाज येतो. पण दरवर्षी ऑफिसच्या मेडिकलला पासिंग होतंच ना?" काकांची सगळी नोकरी 'व्हीटी'ला झालेली. ते एकदम नातेवाईक भेटल्याच्या आस्थेने मोबाइलमधला गाडीचा फोटो बघायला लागले.

लाख किलोमीटरची ही धास्ती माझ्या मते फियाटच्या जमान्यातली आहे. तेव्हा मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुढच्या किलोमीटरला सगळी शून्यं, आणि गाडीचा पुनर्जन्म. मालक पेढे वाटायचा की इंजिनवाल्याकडे जायचा, हे त्याच्या स्वभावावर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या त्या पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून असे कितीतरी जन्म जगल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये घरी बसली. तिला वयाने निवृत्त केलं, किलोमीटरने नाही. सरकारी नोकरीचा नियम इंजिनालाही लागू.

आता लिलावाला जायचं तर मिस्त्री पाहिजे, आणि मिस्त्री पाहिजे तर उल्हासनगर. याला आमच्याकडे पर्याय नाही. खजिनदारांचे मिस्त्री कॅम्प नंबर पाचमधले. त्यांनी तरुणपणी प्रीमियरच्याच कल्याण-शिळ रस्त्यावरच्या कारखान्यात उमेदवारी केलेली, जिथे नव्वदच्या दशकात चक्क फ्रेंच प्यूजो बनत होती. कारखाना बंद पडला, प्यूजो गेली, मिस्त्री राहिले. त्यांच्या गॅरेजच्या पत्त्यात अजून 'बॅरक नंबर' आहे. उल्हासनगरचं हेच मला आवडतं. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी, सैनिक निघून गेलेले, बराकी उभ्या. त्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी तिला उल्हासनगर नाव दिलं. सेकंडहँड मालातून उभं राहिलेलं अख्खं शहर आहे हे. लष्कराच्या वापरलेल्या बराकीत ज्यांच्या आजोबांनी दुकान, कारखाना आणि दोन मजले काढले, त्या माणसाला दोन लाख किलोमीटरची एर्टिगा दाखवली की तो हसतो आणि म्हणतो, "साईं, ये तो अभी बच्ची है."

यार्ड कल्याणच्या पलीकडे, भिवंडीच्या बाजूला, गोदामांच्या मागे. बँकेचं यार्ड पाहिलं नसेल तर एकदा पाहावं. शेकडो गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या, काचांवर मार्करने लॉट नंबर, चाकांतून गवत आणि वायपरवर वेल. ह्या गाड्यांची पुढची काच वाचायची नसते, मागची वाचायची. 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. 'मुलीचं नाव, मुलाचं नाव, मध्ये बदाम'. 'नाद करायचा नाय'. त्याच्या खाली पिवळी पाटी आणि त्यावर फायनान्स कंपनीचा स्टिकर. आशीर्वाद आई-वडिलांचा असला तरी आरसी बुकात हायपोथिकेशन बँकेचं असतं, आणि दोघांत वाद झाला तर कोणाचं चालतं ते यार्डात दिसतं. कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्त्यांना सवलत दिली. टॅक्सी मात्र दारात उभी, व्याजही थांबलं नाही. त्यानंतर यार्डात पिवळ्या पाट्या वाढल्या. गाडी उचलायला गुंड पाठवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बँकांना बजावलंय. आता रीतसर नोटीस येते, पोलिसांना कळवलं जातं, आणि मग येणारा माणूस "सर" म्हणून चावी मागतो. परिणाम तोच, फक्त संबोधन सुधारलं.

एर्टिगाच्या डॅशबोर्डवर गणपती तसाच होता. लिंबू-मिरचीपैकी लिंबू नव्हतं. खजिनदारांनी गणपतीला हात जोडले आणि मिस्त्रींकडे पाहिलं.

यार्डाचा नियम असा की गाडी सुरू करून बघता येते, चालवून बघता येत नाही. तीही सुरू होत नाही, कारण बॅटरी उतरलेली असते. मग एक पोरगा छातीशी बॅटरी धरून येतो आणि गाडीगाडीला जीव देत फिरतो. अख्ख्या यार्डात मागणी असलेला माणूस तो एकटाच. आमच्या लॉटपर्यंत तो पोचेतो मिस्त्रींचं निम्मं काम झालं होतं. त्यांनी मीटरकडे ढुंकून पाहिलं नाही. आधी ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं, मग स्टिअरिंगची झिजलेली कड, मग ड्रायव्हरच्या सीटचा बसलेला फोम. बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत चारी दारं फिरले. मागच्या दाराशी आवाज बद्द आला. "लांबी भरी है. पीछे से किसी ने ठोका था." खजिनदार हादरले. मिस्त्री म्हणाले, घाबरायचं कशाला, मुंबई-पुणे रस्त्यावर दोन लाख चालली आणि कोणी मागून ठोकलीच नाही असं सांगणाऱ्या गाडीला घाबरायचं.

मग त्यांनी मीटरबद्दलचं आपलं शास्त्र सांगितलं. जुनी गाडी विकणारा आकडा मागे फिरवतो तो चाळीस हजारांवर, साठ हजारांवर. फार तर ऐंशी. मीटर मागे करून कोणी दोन लाख तेरा हजारांवर आणून ठेवत नाही. आकडा जितका भीतिदायक, तितका खरा असण्याचा संभव जास्त. शिवाय विकणारी बँक. तिला आपल्या वसुलीत रस, मीटरमध्ये नाही. मला हे इतकं पटलं की मी त्या दिवसापासून 'सिंगल ओनर, लेडी ड्रिव्हन, फक्त अठरा हजार' अशा जाहिरातींकडे पूर्वीसारखं प्रेमाने पाहू शकत नाही.

गाडी सुरू झाल्यावर मिस्त्रींनी इंजिन ऑइलचं झाकण उघडून तळहात वर धरला. बॅक कम्प्रेशन नाही. सायलेन्सरच्या धुराचा वास घेतला. सीएनजीच्या टाकीवरची तारीख वाचली. ती टाकी दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टला द्यावी लागते, हिची राहिलेली. आणि मग, सगळ्यात शेवटी, ते मागे वळून म्हणाले, "अब आप देखो. पानी का आपको ज्यादा मालूम."

हा बदलापूरकराचा अधिकार. पुरात बुडून आलेली गाडी ओळखण्यात आमच्या गावकऱ्याइतका तयारीचा माणूस महाराष्ट्रात क्वचित सापडेल. २६ जुलै २००५ ची गोष्ट सोडाच, २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफच्या बोटी, नौदल, हेलिकॉप्टर सगळं आलं. हेंद्रेपाडा, वालिवली, रमेशवाडीच्या पार्किंगमधल्या गाड्यांसाठी बोट येत नाही. त्यांच्यासाठी विम्याचा सर्व्हेअर येतो, आणि तो गेला की व्यापारी येतो. मग तीच गाडी कुठेतरी लांब, जिथे नदी नाही अशा गावात, 'उत्तम स्थिती' म्हणून उभी राहते. खजिनदारांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. चिखलाची रेघ उमटते ती तिथे, कारण तेवढा बेल्ट कोणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवून पाहिलं. सीटच्या खालची पट्टी, हेडलाइटच्या आतली वाफ, कार्पेट उचलून वास. ज्याने स्वतःच्या घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ दोनदा रंगवून घेतलीय, त्याला कार्पेट फसवू शकत नाही. "कोरडी आहे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरेदीदाराचा आला.

बोली लागली तेव्हा समोर सगळे व्यापारी. ते एकमेकांना ओळखतात, चहा एकमेकांचा पितात आणि बोली भुवईने लावतात. घरगुती गिऱ्हाईक त्यांना लगेच कळतं, कारण त्याचा शर्ट इस्त्रीचा असतो आणि तो हात पूर्ण वर करतो. माझ्या शेजारचा व्यापारी सरकारवर नाराज होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, तिच्यात जुन्या छोट्या गाड्यांच्या विक्रीतल्या नफ्यावरचा कर १२ टक्क्यांचा १८ झाला. त्याच बैठकीत कॅरॅमल पॉपकॉर्नलाही १८ टक्केच लागतील असा खुलासा झाला होता. "म्हणजे आमची आल्टो आणि त्यांचा पॉपकॉर्न एका लायनीत," तो म्हणाला. "दोन्ही फुगवून विकायचे म्हणून असेल," खजिनदारांचा मेव्हणा म्हणाला, आणि त्यानंतर आमच्या लॉटवर त्या व्यापाऱ्याने मुद्दाम तीन वेळा भाव चढवला. मेव्हण्यांना लिलावाला नेऊ नये.

तरीही गाडी सुटली ती खजिनदारांच्या नावावर. हातोडा एकदा, दोनदा, तीनदा पडला, मेव्हण्याने व्हॉट्सअॅपवर पेढ्याचं चित्र टाकलं, आणि मग लिलाववाल्याने शांतपणे सांगितलं की ही बोली बँकेच्या मंजुरीच्या अधीन आहे. तीन वेळा ठोकून झालेली गोष्ट चौथ्या ठिकाणी जुळायची असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. अनामत रक्कम मात्र पहिल्याच दिवशी जमा झालेली होती. मंजुरी येईपर्यंत खजिनदार रोज लोकलमधून बँकेला फोन लावत आणि मुंब्र्याजवळ, नेमका साहेब लाइनवर आल्यावर, फोन तुटे.

कागदपत्रांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण सविस्तर सांगितलं तर तुम्ही बस पकडाल. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत साध्या विक्रीला नमुना २९ आणि ३०, मालक वारल्यावर वारसाला ३१, आणि लिलावात घेतलेल्या गाडीला ३२. मृत्यू आणि लिलाव कायद्याने शेजारी-शेजारी बसवलेत. बँकेने आधी स्वतःच्या नावावर आरसी करून घ्यायची तर ३६, बोजा उतरवायचा तर ३५. नाव बदलून घेण्यात आळस परवडत नाही. गाडी कोणीही चालवो, आरसीवर ज्याचं नाव तोच अपघातात जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्यात ही टॅक्सी. परमिट परत करा, कराचा फरक भरा, पिवळी पाटी काढून पांढरी लावा. पांढरी लावली की ती नव्या नियमाची हाय सिक्युरिटी हवी. २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती बसवायची राज्यातली शेवटची तारीख इतक्या वेळा पुढे गेली की तिला शेवटची म्हणणं हाच तिचा अपमान. मेव्हण्याने मोबाइलवर गाडीची न भरलेली ई-चलनंही शोधून काढली. त्यांतलं एक वाशीचं, सिग्नल तोडल्याचं, फोटोसकट. फोटोत गाडी चकाचक दिसत होती. खजिनदारांनी तो फोटो जपून ठेवला, कारण गाडीच्या तरुणपणाचा तेवढाच एक उपलब्ध होता.

गॅरेजमधून निघताना मिस्त्रींनी स्पीड गव्हर्नर काढायचा का विचारलं. टॅक्सी असताना ८० च्या वर जायची परवानगी नव्हती. खजिनदारांनी कल्याण-बदलापूर रस्त्याचं, त्यावरच्या खोदकामाचं आणि फॉरवर लाइन चौकाचं स्मरण केलं आणि म्हणाले, "राहू दे. चाळीसला बसवणारा असेल तर तो दाखवा."

पूजा अंबरनाथच्या शिवमंदिरात. तिथे शिलाहारांच्या काळचा शिलालेख आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. मिस्त्री पूर्वी कधी आत गेले नव्हते. त्यांनी भिंतीवरच्या मूर्तींवरून नजर फिरवली, सवयीने एका खांबावर पेरं वाजवली आणि समाधानाने मान डोलावली. कुठे लांबी भरलेली नाही, आणि साडेनऊशे वर्षांनी चेसिस नंबर जागेवर. आम्हा बदलापूरकरांच्या इमारतींना दहाव्या वर्षी वॉटरप्रूफिंग लागतं, ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

आता गाडी पार्किंगमध्ये आहे. आमच्याकडे गाडी चालवायला घेत नाहीत, असायला घेतात. कामावर जायचं ते लोकलनेच. रस्त्याने फोर्टला निघाला तर माणूस दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला पोचेल. त्यामुळे दोन लाख तेरा हजार किलोमीटर मुंबई-पुणे-शिर्डी पळालेल्या त्या गाडीला नोकरीतून सुटल्यासारखं झालं असणार, असं मला वाटायचं. रविवारी सकाळी खजिनदार ती दहा मिनिटं नुसती चालू ठेवत, बॅटरी उतरू नये म्हणून. पहिल्या मजल्यावरचे काका खुर्ची टाकून शेजारी बसत आणि इंजिनचा आवाज ऐकून तब्येत सांगत.

पण इमारतीत अठ्ठावीस फ्लॅट आणि खात्रीची गाडी ही एक. आधी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं डायलिसिस उल्हासनगरला, आठवड्यातून दोनदा. मग कोणाची मुलगी बारावीच्या पेपरला, कोणाचा गणपती कारखान्यातून, कोणाच्या सासूबाई पुण्याहून. मग शेवटच्या लोकलने येणारे. स्टेशनबाहेर त्या वेळी रिक्षावाल्यांचा वेगळाच लिलाव चालू असतो, आणि तिथे अनामत रक्कमही चालत नाही. खजिनदार नाही म्हणत नाहीत. साडेनऊ लाख किलोमीटर दुसऱ्यांच्या अंगावर रेलून आलेला माणूस प्लॅटफॉर्मवर उतरलेल्याला नाही म्हणू शकत नाही. परवा मिस्त्री सर्व्हिसिंगला गाडी उघडून बसले आणि मीटर बघून म्हणाले, "साईं, फिर से परमिट निकाला क्या?"

खजिनदारांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यावर उपाय काढलाय. गाडीच्या मागच्या काचेवर पूर्वीच्या मालकाचा 'आई-वडिलांचा आशीर्वाद' अजून आहे. तो खरवडायचा नाही म्हणाल्या, पण त्याच्या खाली त्यांनी कॅम्प तीनमधून लाल अक्षरांत छापून आणून एक नवी पट्टी चिकटवली आहे, 'सीएनजीचे पैसे द्यावेत'. काल रात्री पावणेबारा वाजता खजिनदारांचा फोन वाजला. चौथ्या मजल्यावरचे. अंबरनाथला गाडीत डोळा लागला, कर्जतला जाग आली, आता परतीची लोकल नाही.

"पट्टीवर कर्जतचा काय रेट लिहिलाय?" वहिनींनी आतून विचारलं. खजिनदार चावी शोधत होते.